भिंतीतील रेती

पावसाळा लागून पंधरा दिवस झाले की आमच्या घराच्या पश्चिमेकडील भिंतीला लोणा फुटतो. प्रथम रंगाखाली फोड येतात, मग पापुद्रे सुटतात आणि त्यांच्या आडून मिठासारखी पांढरी भुकटी बाहेर पडू लागते. दर दोन वर्षांनी आम्ही ती भिंत खरवडून घेतो. रंगारी बदलून पाहिले, रंग बदलून पाहिले, कोणी सांगितले म्हणून कसलासा लेपही लावून पाहिला; भिंतीने आपला स्वभाव बदललेला नाही. कारण आम्हांला पहिल्यापासून ठाऊक आहे. त्या भिंतीच्या गिलाव्यात समुद्राची रेती आहे, आणि रेतीत मुरलेले मीठ ओल मिळताच बाहेर येते.

इतकी वर्षे ही गोष्ट आमच्या लेखी केवळ रंगकामाच्या खर्चाची होती. ती नीतीचीही गोष्ट आहे, हे एका मासळीवालीने आमच्या लक्षात आणून दिले.

वैतरणेच्या मुखाशी असलेल्या अर्नाळा किल्ला या बेटावरील गावातून ही कोळीण मावशी गेली पंचवीस-तीस वर्षे आमच्या आळीत मासळी घेऊन येते. होडीने पाणी ओलांडायचे, अलीकडच्या किनाऱ्यावर उतरायचे, मिळेल त्या वाहनाने गावात यायचे आणि पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरायचे, हा तिचा नेम. ऊन चढले की ती आमच्या ओटीवर त्याच पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकून बसते. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात ती अशीच बसली होती. मासेमारी बंद असल्याने पाटीत सुके बोंबील आणि सोडे होते. उठताना पदराला लागलेली पांढरी भुकटी तिने झटकली, थोडी बोटावर घेऊन जिभेला लावली आणि हसून आमच्या घरच्या बाईला म्हणाली, "बाय, ही तर दर्याची रेती. आमच्याकडचीच असंल."

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. लागलीच तिने सोड्यांचा भाव सांगितला आणि घासाघीस सुरू झाली. परंतु ती गेल्यावर ते वाक्य आमच्या ओटीवरच राहिले. तिचे घर आजवर तीन वेळा मागे सरकले आहे, हे आम्हांला माहीत होते. तिच्या सासऱ्यांनी बांधलेले पहिले घर जेथे होते तेथे आता भरतीच्या वेळी होड्या तरंगतात. हे सारे तिने चहा पिता पिता अनेकदा सांगितले होते आणि आम्ही दर वेळी हळहळलो होतो. आमची ती हळहळ आणि आमची ती भिंत यांचा एकमेकींशी काही संबंध असू शकेल, असे मात्र कधी मनात आले नव्हते.

येथे वाचकांना आठवण करून द्यावीशी वाटते. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे दगावली. रोजच्या मार्गाने आलेल्या एस.टी.च्या चालकाला नेहमीच्या जागी गावच दिसले नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावात दरडीखाली ८०हून अधिक जीव गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसांना मातीतच ठेवून शोधकार्य थांबवावे लागले. या तिन्ही वेळी आमचा धर्मग्राम हेलावून गेला. मृतांसाठी प्रार्थना झाल्या, निधी जमला, तरुण मुलांनी धान्याची व कपड्यांची पोती भरली. ते योग्यच झाले. परंतु अर्नाळा किल्ल्यावरील किनाऱ्याकडची कित्येक घरे गेल्या काही दशकांत एकामागून एक पाण्यात गेली, ती आमच्यापासून काही कोसांवर, आणि त्यासाठी आम्ही एकदाही थाळी फिरविली नाही. कोणाच्या घरासाठी आणि कोणत्या रविवारी फिरवावयाची होती?

हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. दरडीला तारीख असते. त्या तारखेला वर्तमानपत्रे येतात, मंत्री येतात, आपणही येतो. समुद्राच्या खाण्याला तारीख नसते. यंदा कुंपण जाते, तीन वर्षांनी माड, मग न्हाणी, मग एका उधाणाच्या रात्री मागची भिंत. घर गेले ते नेमके केव्हा, हे त्या घरच्या माणसालाही सांगता येत नाही. पुष्कळदा जीवितहानी होत नाही, कारण माणसे अगोदरच बाहेर पडलेली असतात. त्यामुळे दुःखाला तोंड फुटत नाही आणि करुणेला वेळ सापडत नाही. दुःखाचा वेग कमी असला म्हणजे त्याचा अधिकारही कमी होतो काय? तीस वर्षांत बेघर झालेल्या माणसाला तीन मिनिटांत बेघर झालेल्या माणसाहून आपण कमी देणे लागतो काय?

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर बराच काळ 'होय' असेच दिले होते. आपत्तीग्रस्तांना साहाय्य देण्यासाठी केंद्र सरकारने ज्या आपत्ती मान्य केल्या त्यांत चक्रीवादळ, भूकंप, पूर, आग, गारपीट आहेत. दरड कोसळणे आहे, टोळधाडीसारखा किडींचा उपद्रव आहे, आपल्याकडे कधी न दिसणारे हिमस्खलनही आहे. समुद्राने केलेली धूप त्यांत नव्हती. केरळने तिला आपल्या राज्यापुरती आपत्ती ठरविले, ते तेथील किनारी माणसांच्या रेट्यामुळे असावे असे आम्हांला वाटते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी शिफारशी करताना धूप रोखण्याच्या उपायांसाठी १,५०० कोटी आणि धुपेमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी रुपये राखून ठेवावेत असे सुचविले, तेव्हा कोठे या संथ आपत्तीला राष्ट्रीय हिशेबात नाव मिळाले. तत्पूर्वी महसूल कायद्यात एक तरतूद मात्र होती. पाण्याने धुपून गेलेल्या जमिनीचा सारा कमी करून मिळतो. जमीन नाहीशी झाल्यावर सरकार तिच्यावरील कर मागत नाही, एवढी दया जुन्या राज्यकर्त्यांनाही सुचली होती.

वेगाविषयीचा हा आपला समज मुळातच कच्च्या पायावर उभा आहे. डोंगर एका रात्रीत कोसळला असे आपण म्हणतो. पण सह्याद्रीचा काळा पाषाण युगानुयुगे कुजत त्याची माती होत असते. त्या मातीचा जाड थर खालच्या अभंग खडकावर उतरता टेकलेला असतो. पावसाचे पाणी त्यात मुरले की तो जड होतो आणि खडकाशी असलेली त्याची पकड सुटू लागते. उतारावरची झाडे गेली, शेतासाठी वा घरासाठी उतार सपाट झाला, रस्त्यासाठी पायथा कापला गेला, की प्रत्येक वेळी ती पकड थोडी आणखी सुटते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये सादर केलेल्या अहवालात पश्चिम घाटाचे त्याच्या नाजूकपणानुसार भाग पाडून त्यांना कमीअधिक संरक्षण द्यावे असे सुचविले होते. त्या अहवालाचे पुढे जे झाले ते सर्वविदित आहे. म्हणजे दरडसुद्धा संथच असते. तिचा फक्त शेवट वेगवान असतो. समुद्र आणि डोंगर यांच्यातला फरक एवढाच, की एकाचे काम आपल्याला रोज दिसू शकते आणि आपण पाहत नाही, तर दुसऱ्याचे जमिनीखाली चालते आणि तोंडावर येईपर्यंत कळत नाही.

पायथा कापण्याची गोष्ट निघाली म्हणून थोडे विषयांतर. वसईतील कुटुंबे गोव्याला जातात. संत फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाला तर घरेच्या घरे बस करून जातात. मुंबई-गोवा महामार्ग रुंद व्हावा, प्रवास चार तासांनी कमी व्हावा, अशी इच्छा आम्ही त्या प्रवासांत वारंवार बोलून दाखविली आहे. चिपळूणजवळच्या परशुराम घाटात त्या रुंदीकरणासाठी डोंगर कापण्यात आला. घाटाच्या माथ्यावर परशुराम गाव आहे, पायथ्याशी पेढे. २०२२च्या उन्हाळ्यात काम उरकण्यासाठी तो घाट दिवसाचे काही तास बंद ठेवावा लागला, आणि पावसाळा आला की वरच्या गावाला आपली जमीन खचेल आणि खालच्या गावाला ती आपल्यावर येईल अशी धास्ती. रस्ता नको असे कोण म्हणेल? आम्हीही म्हणत नाही. पण त्या रस्त्याची किंमत देणारी माणसे आणि त्यावरून वेगाने जाणारी माणसे वेगळी आहेत, हे बसच्या खिडकीतून दिसत नाही.

असो. मूळ गोष्ट रेतीची. हळूहळू केलेल्या अपराधाचा माग किती अचूक काढता येतो, याचे एक उदाहरण शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये सापडते, आणि ते आपल्या किनाऱ्याशी इतके जुळते की येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. डेव्हन परगण्यात समुद्रकाठी हॉलसँड्स नावाचे कोळ्यांचे लहानसे गाव होते. खडकाच्या कडेवर घरे आणि घरांपुढे गोट्यांची व वाळूची रुंद पुळण. प्लिमथ येथील आरमारी गोदी वाढवावयाची होती, तिच्या काँक्रीटसाठी गोटे आणि वाळू हवी होती. १८९७ साली गावापुढच्या समुद्रातून ती उपसण्यास आरंभ झाला. जाणत्या इंजिनियरांचा समज असा, की समुद्र नेलेला माल आपोआप परत आणून टाकील. कोळ्यांना तसे वाटत नव्हते. त्यांनी तक्रारी केल्या, यंत्रांना विरोध केला. १९०२ साली उपसा थांबला तोवर सुमारे साडेसहा लाख टन माल गेला होता. समुद्राने तो परत आणला नाही, कारण तो आजच्या समुद्राने आणलेलाच नव्हता. फार प्राचीन काळी साठलेला तो ठेवा होता. पुळण उंचीने कित्येक फूट खाली गेली. त्यानंतरही गाव पंधरा वर्षे उभे होते. मग २६ जानेवारी १९१७च्या वादळात एका रात्री ते कोसळले. एकच घर राहण्याजोगे उरले. एकाही माणसाचा जीव गेला नाही. भरपाईसाठी गावकऱ्यांना पुढे अनेक वर्षे झगडावे लागले.

त्या पंधरा वर्षांकडे पाहावे. उपसा करणारा कंत्राटदार निघून गेला होता, गोदी बांधून झाली होती, तिच्यात युद्धनौका येत-जात होत्या. वादळ आले ते 'देवाची करणी' म्हणून. आपल्या व्यवहारात, विम्याच्या आणि कंत्राटाच्या कागदांतही, हा शब्दप्रयोग मोठ्या सोयीने वापरला जातो. ज्याने पुळण नेली त्याचे नाव गाळून ज्याने लाट पाठविली त्याचे नाव लिहावयाचे. श्रद्धाळू माणसाने तरी या लबाडीला हरकत घ्यावयास हवी होती.

आमच्या किनाऱ्याची कथा यापेक्षा निराळी आहे ती एका बाबतीत. येथे एकच कंत्राटदार नव्हता, येथे आपण सारे होतो. अर्नाळा, नवापूर, राजोडी, कळंब, भुईगाव, रानगाव या पट्ट्यातील रेती प्रथम बैलगाड्यांनी आणि पुढे टेम्पोंनी गेली. वैतरणेच्या खाडीत सक्शन पंप लागले, तेव्हा रेल्वेच्या पुलांच्या पायांनाही धोका निर्माण झाला. नदीने वरून आणावयाची रेती मुंबईला पाणी देणाऱ्या धरणांच्या मागे अडली. तानसा १८९२चे, मोडकसागर १९५७चे, अप्पर वैतरणा १९७३चे आणि मध्य वैतरणा २०१४चे. त्यात समुद्राची पातळीही चढते आहे. १९०१ ते २०१८ या काळात ती जगभरात सरासरी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. किनाऱ्याचे सुरूचे बन मुळे उघडी पडून आडवे झाले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पूर्वी पुळणीच्या माथ्यावर मर्यादवेल पसरलेली असे. जांभळ्या फुलांची ती वेल रेतीला धरून ठेवते. समुद्राने येथवर यावे आणि माणसाने येथवर, असा दोघांचा करार त्या नावात आहे; तो आधी आपण मोडला.

समुद्र स्वभावतः हिशेबी आहे. पावसाळ्यात तो पुळणीवरची रेती आत ओढून नेतो आणि हिवाळ्या-उन्हाळ्यातील शांत लाटांबरोबर पुष्कळशी परत आणून देतो. आपण मधल्यामधे उचलली ती त्याच्या खात्यातून कायमची गेली. पुढच्या पावसाळ्यात तो ती तूट जमिनीतून भरून काढतो.

तर आमच्या भिंतीविषयी. आमचे घर १९८६ साली बांधले गेले. वडिलांनी बांधकामाचा जमाखर्च एका वहीत लिहून ठेवला आहे. मावशीच्या त्या वाक्यानंतर आम्ही ती वही काढली. जोत्याच्या भरावासाठी समुद्राची रेती १४ ब्रास, गिलाव्यासाठी ४ ब्रास. दहा वर्षांनी, १९९६ साली, वरचा मजला चढविला तेव्हा आणखी ५ ब्रास. एकूण २३ ब्रास, म्हणजे २,३०० घनफूट. पन्नास फूट लांब, तेवीस फूट रुंद आणि दोन फूट खोल एवढा पुळणीचा तुकडा. आम्ही तो आमच्या अंगणात पावलांनी मोजून पाहिला. मावशीचे घर त्यात आरामात बसते.

आणखी एक गोष्ट ती वही सांगते. १९८६ सालच्या गाड्या दिवसा आल्या. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमनाची अधिसूचना निघाली आणि किनाऱ्यावरील रेती काढण्यास तिने मनाई केली. १९९६च्या गाड्या रात्री आल्या. वहीत 'रात्रपाळी जादा' म्हणून वेगळी रक्कम लिहिलेली आहे. म्हणजे आम्हांला ठाऊक होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने १९९०च्या आगेमागे हरित वसईचे जे आंदोलन झाले, त्यात आमच्या घरची माणसे मोर्चाने चालली होती. बागायत वाचवा, विहिरी वाचवा अशा घोषणा आम्ही दिल्या होत्या. त्या घोषणांविषयी आम्हांला आजही अभिमान आहे. पण त्या मोर्चातून ज्या घरी आम्ही परतलो त्या घराखाली १४ ब्रास पुळण होती आणि थोड्याच वर्षांत तिच्यावर आणखी ५ ब्रास चढणार होती.

येथे मन आपला बचाव मांडते, आणि तो ऐकून घेतला पाहिजे. मन म्हणते, तेवीस ब्रासने समुद्र आत येत नाही. हे खरे आहे. प्राचीन ग्रीसमधील युबुलिडीस या विचारवंताच्या नावावर ढिगाचे एक कोडे सांगितले जाते. धान्याच्या ढिगातून एक दाणा काढला तर ढीग ढीगच राहतो. आणखी एक काढला तरी राहतो. मग असा कोणता दाणा आहे, की जो काढताच ढीग ढीग उरत नाही? तसा दाणा दाखविता येत नाही, तरी शेवटी ढीग नसतो. पुळणीचे तेच झाले. अमुक गाडीने किनारा बुडाला असे कोणत्याच गाडीवाल्याला सांगता येणार नाही, अमुक घराने बुडाला असे कोणत्याच घरमालकाला. यावरून कोणीच दोषी नाही असा निष्कर्ष काढणे तर्काला सोपे जाते. परंतु मग मावशीचे घर कोणीच पाडले नाही असे होते, आणि घर तर पडलेले आहे. जे नुकसान प्रत्यक्ष घडले त्याला कारण झालेल्या हातांची बेरीज शून्य येत असेल, तर चूक बेरजेच्या रीतीत आहे. आम्हांला तरी असे वाटते, की आपला वाटा लहान आहे यामुळे देणे लहान होते. ते नाहीसे होत नाही.

मग ते देणे फेडावयाचे कसे आणि कोणाला? पापनिवेदनाच्या तयारीत आपल्याला लहानपणी शिकविले गेले, की चोरीच्या पापात पश्चात्ताप पुरत नाही, वस्तू परत करावी लागते. जक्कयाने चौपट परत करीन म्हटले, पण त्याचे काम एका परीने सोपे होते. आपण कोणाला नाडले हे त्याला ठाऊक होते. आम्ही कोणाला नाडले? भुईगावच्या सुरूंना, कळंबच्या वाडीवाल्याला, की अर्नाळा किल्ल्यावरच्या मावशीला? संत थॉमस ॲक्वायनस यांनी तेराव्या शतकात परतफेडीचा विचार करताना हा प्रश्न बारकाईने हाताळला आहे. परतफेड केवळ चोरावर बंधनकारक नाही. ज्याने सल्ला दिला, संमती दिली, माल ठेवून घेतला, रोखणे कर्तव्य असताना जो गप्प बसला, त्याच्यावरही ती येऊ शकते, असे ते म्हणतात. आणि ज्याचे देणे आहे तो कसून शोध घेऊनही सापडत नसेल, तर ते दानरूपाने द्यावे. या दुसऱ्या वाक्याने आम्हांला क्षणभर बरे वाटले. पण शोधाची अट त्याच्या आधी आहे, आणि आम्ही शोध कोठे केला होता? ज्यांची घरे गेली त्यांतली एक तर आठवड्यातून दोनदा आमच्या ओटीवर बसत होती.

शासनाचा उपाय म्हणजे धूपप्रतिबंधक बंधारा. तो हवा तेथे झालाच पाहिजे. ज्याच्या उंबऱ्याशी पाणी आले आहे त्याला पुळणीचे शास्त्र सांगत बसणे क्रूरपणाचे होईल. परंतु दगडी बंधारा लाटेचा जोर गिळत नाही, तो परतवितो. आणि बंधारा जेथे संपतो तेथे पुढच्या मोकळ्या किनाऱ्याची धूप बहुधा वाढते. मग पुढचे गाव बंधारा मागते. अशा रीतीने प्रत्येक गाव आपला समुद्र शेजाऱ्याकडे ढकलते. त्यात कोणाचा दुष्टावा नसतो. आपल्या गावापुरता मंजूर झालेला निधी आपल्या गावाच्या वेशीवर संपतो, इतकेच.

दुसरा उपाय स्थलांतराचा. माळीणच्या वाचलेल्या माणसांसाठी आमडे येथे नवे गाव उभे राहिले, २०१७च्या एप्रिलमध्ये. तेव्हा होऊ शकते. पण किनाऱ्याच्या माणसाला 'मागे सरका' असे सांगणे फार सोपे असते, विशेषतः ते सांगणारा मागे राहत असेल तर. बेटाला मागची बाजू किती असणार? आणि बेट सोडून अलीकडे यावयाचे तर अलीकडे आम्ही आहोत. आमचे बंगले, आमच्या इमारती, आणि आमच्या वाडवडिलांच्या वाड्यांना आज आलेले भाव. कोळ्याला जमिनीबरोबर होडी ओढून ठेवण्यास जागा लागते, मासळी सुकविण्यास वलांडी लागतात, जाळी पसरण्यास मैदान लागते. शहराच्या चौथ्या मजल्यावरची सदनिका म्हणजे त्याचे पुनर्वसन, असे म्हणणाऱ्यांना पुनर्वसन आणि साठवण यांतला फरक कळलेला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही काय केले, हे सांगण्यासारखे थोडेच आहे. मुलगा मागच्या बाजूस दोन खोल्या वाढवितो आहे. त्यासाठी दगडाची क्रश रेती आणली आणि तिची पावती वडिलांच्या त्याच वहीत चिकटविली. २३ ब्रासचा आजच्या बाजारभावाने हिशेब केला. आकडा पाहून घरात दोन दिवस वाद झाला. तरुणांचे म्हणणे, सारी रक्कम एकदम द्यावी. वडीलधाऱ्यांचे म्हणणे, आपल्या बापाला चोर ठरविल्यासारखे ते होईल. दोन्ही बाजूंना दुखले. शेवटी रक्कम वेगळी काढून ठेवली आहे. ती कोणत्या नावाने द्यावी यावर अजून एकमत नाही.

गेल्या पावसाळ्यात मावशी तीन आठवडे आली नाही. आली तेव्हा पाटी नव्हती. एका उधाणात तिच्या स्वयंपाकघराची भिंत गेली होती. छपराचे पत्रे उतरवून ती भावाकडे राहावयास गेली होती. आम्ही त्या वेगळ्या काढलेल्या पैशांविषयी अडखळत काही बोललो. तिने ऐकून घेतले, पण तिचे लक्ष दुसरीकडे होते. तिच्या काखेत पत्र्याची एक पेटी होती. तिच्यात शिधापत्रिका होती, मुलांचे दाखले होते, आणि तिन्ही घरांच्या घरपट्टीच्या पावत्या होत्या, सासऱ्यांच्या नावच्यासुद्धा. भावाचे घरही आता पाण्यापासून फार लांब राहिलेले नाही. "तुमचं घर पक्कं हाय, बाय," ती म्हणाली, "येवढी पेटी ठेवा." कोठे ठेवू विचारले, तर तिने नेहमीच्या सवयीने पश्चिमेच्या भिंतीकडे बोट दाखविले.

पेटी तेथेच आहे. लोण्याने पत्रा गंजेल म्हणून आम्ही ती भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवली आहे.